गोदामात न उतरणारा माल : युरोपीय फुलीटाक्याचे नमुने आणि मराठी सुई

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव मानकोली नाक्याच्या परिसरातील गोदामांच्या पट्ट्यात मोडते. न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरलेला माल मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या ज्या पत्र्याच्या छपरांखाली थांबतो आणि तेथून किरकोळ गिऱ्हाइकाच्या दारी निघतो, त्यांतली बरीच छपरे दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या हद्दीत उभी आहेत. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या सीमेबाहेर माल साठवण्याची सोय हे या वाढीचे एक कारण होते, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येऊन जकात गेल्यावरही ही गोदामे ओस पडली नाहीत, उलट अधिक मोठी झाली. फ्रान्स, जर्मनी किंवा इटलीतील एखाद्या नमुनाकाराने आखलेला भरतकामाचा नमुना मात्र आता या वाटेने येत नाही. पैसे भरताच तो फाइलच्या रूपाने थेट गिऱ्हाइकाच्या हाती पडतो, आणि जे वजनदार आहे, म्हणजे कापड, दोरा आणि सुई, ते मात्र कोठल्या तरी गोदामातूनच यावे लागते. युरोपीय नमुना विकत घेऊन महाराष्ट्रात भरणाऱ्या स्त्रीची खरी अडचण या फारकतीत आहे, कारण नमुना ज्या कापडासाठी आणि ज्या दोऱ्यासाठी आखलेला असतो ते दोन्ही बहुधा तिच्या हाताशी नसतात.

फुलीचा टाका, म्हणजे कापडाच्या एका चौकटीवर एकमेकांना छेदणारे दोन तिरके टाके, हा मराठी घरांना परका नाही. दोन-दोन धागे जोडीने उभे-आडवे विणलेल्या दोसुतीवर तोरणे, अभ्रे आणि टेबलावरचे रुमाल भरून ते रुखवतात मांडण्याची पद्धत अनेक पिढ्यांनी पाहिलेली आहे. या कामात कापडावर चित्र छापलेले नसते. कागदावरच्या प्रत्येक चौकोनासाठी कापडावर एक फुली घालायची, एवढाच करार असतो. म्हणून त्याला मोजून भरायचे काम म्हणतात, आणि म्हणूनच कागद हा त्यातला सर्वांत मोलाचा घटक ठरतो.

असा कागद विकण्याचा धंदा युरोपात पाचशे वर्षांचा आहे. ऑग्सबुर्गच्या योहान श्योन्सपेर्गर याने १५२३-२४ च्या सुमारास छापलेले नमुन्यांचे पुस्तक या प्रकारातील आद्य पुस्तकांत गणले जाते. न्यूर्नबेर्गच्या योहान झीबमाखर याची १५९७ आणि १६०४ ची पुस्तके इतकी चालली की त्यांतील मोर, हरणे आणि झाडे पुढे शतकानुशतके नकलली गेली. रंगाचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. तो बर्लिनमध्ये सुटला. तेथील फिलिपसन नावाच्या विक्रेत्याने १८०४ च्या सुमारास चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने काढले, आणि १८१० मध्ये विटिश यांनी, पत्नीच्या आग्रहावरून असे सांगितले जाते, ते अधिक देखणे करून बाजारात आणले. छापलेल्या चौकटीतला प्रत्येक चौकोन हाताने रंगवलेला असे, त्यामुळे हे कागद महाग होते. तरीही लोकरीच्या दोऱ्यासह ते युरोपभर आणि अमेरिकेत पसरले. गुलाबांचे गुच्छ आणि लाडकी कुत्री यांचा त्यांत इतका सुकाळ झाला की शतक संपेपर्यंत या शैलीविरुद्ध अभिरुचीचे बंडच झाले, आणि ते अगदीच अनाठायी होते असे म्हणवत नाही.

याच काळात दोऱ्याला क्रमांक आला, आणि आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने ही घटना अधिक महत्त्वाची आहे. आल्सास प्रांतातील म्युलूझ येथे १७४६ मध्ये सुरू झालेल्या उद्योगातून पुढे डॉलफुस-मीग, म्हणजे आज डी.एम.सी. या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी कंपनी उभी राहिली. ऑस्ट्रियात जन्मलेल्या तेरेझ द दिलमाँ (१८४६-१८९०) यांनी या कंपनीच्या साहाय्याने १८८६ मध्ये सुईकामाचा विश्वकोश प्रसिद्ध केला आणि तो अनेक भाषांत गेला. १८७१ नंतर आल्सास जर्मन साम्राज्यात होता, त्यामुळे फ्रेंच नावाची कंपनी जर्मन भूमीवरून जगाला भरतकाम शिकवत होती. नमुन्याच्या कडेला चिन्ह आणि त्यापुढे दोऱ्याचा क्रमांक, ही आजची सर्वमान्य मांडणी याच उद्योगाच्या विस्ताराबरोबर रुळली.

दख्खनमध्ये हीच मोजणी कागदावाचून चालत आली. धारवाड-बेळगाव पट्ट्यातील कसुती, जी इरकली लुगड्यांवरून महाराष्ट्रात पोचली, ती धागे मोजून भरतात. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती आणि मोर हे तिचे विषय. तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी हा फुलीचाच टाका आहे, आणि गवंती, म्हणजे जाताना एकाआड एक टाका घालून परतताना मधल्या जागा भरण्याचा धावता टाका, हा युरोपात चित्रकार होल्बाइनच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात आणि कोठे गाठ असू नये, हा आग्रहही दोन्हीकडे आढळतो. फरक आहे तो व्यवहाराचा. कसुतीचा नमुना लुगड्यावरून लुगड्यावर, पाहून उतरवला गेला, त्यामुळे त्याला कर्ता नाही आणि किंमतही नाही. युरोपीय नमुन्याला दोन्ही आहेत. आज जे विकत घेतले जाते ते फुल्यांचे गणित नसून कोणा एका व्यक्तीची रंगनिवड आणि आखणी असते, आणि किमतीचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

त्या व्यक्तींच्या शैली एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आहेत. डेन्मार्कच्या गेर्डा बेंग्टसन (१९००-१९९५) यांनी १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हाँडआर्बायडेट्स फ्रेम्मे या हस्तकला संस्थेसाठी रानफुले आखली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभावीत अशी ती आहेत आणि मूळ काम तागाच्या कापडावर, चमक नसलेल्या सुती दोऱ्याने केलेले असते. फ्रान्सच्या व्हेरोनिक आंजांजेर यांच्या चित्रांत जुन्या शालेय तक्त्यांची छटा दिसते. इटलीचे रेनातो पारोलिन थोड्या, कधी एकाच रंगात काम भागवतात, तर नेदरलँड्सच्या थेआ खूव्हर्नर यांच्या नावाचे संच शहरांच्या तपशीलवार दृश्यांसाठी ओळखले जातात. नवशिक्या हाताने पारोलिनपासून सुरुवात करावी. एका रंगात चूक लवकर दिसते आणि दोराही कमी लागतो.

खरेदीचे तीन प्रकार संभवतात. फाइल घेतल्यास टपाल आणि सीमाशुल्क दोन्ही टळतात, मात्र भारतीय बँकेचे कार्ड परदेशी व्यवहाराला चालू आहे का हे आधी पाहावे लागते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवी कार्डे मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन येतात आणि पुढची परवानगी ग्राहकाने स्वतः द्यायची असते. छापील पत्रक वा पुस्तक टपालाने येते. तिसरा प्रकार म्हणजे कापड, दोरा, सुई आणि नमुना एकत्र असलेला संच, आणि खर्चाचा खरा घोळ येथे होतो. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाला सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे, त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, आणि ‘भेटवस्तू’ असे लिहून शुल्क चुकवण्याची जुनी युक्ती १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे यांनाच तिच्यातून सूट मिळाली. युरोपातील दुकानाच्या किमतीत तेथील मूल्यवर्धित कर, जर्मनीत १९ टक्के आणि फ्रान्समध्ये २० टक्के, बहुधा धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर जाणाऱ्या पार्सलवर तो लागू होत नसला तरी लहान दुकाने तो आपणहून वजा करतातच असे नाही, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी विचारणे श्रेयस्कर. एकंदरीत पाहता फाइल परदेशातून आणि बाकीचे सामान येथून घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

त्यानंतर कापड. युरोपीय नमुन्यावर कापडाची घनता सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, भारतात ती इंचात बोलली जाते. भिवंडीच्या यंत्रमागावर कापडाची प्रत रीड आणि पिक या दोन आकड्यांनी सांगतात: रीड म्हणजे इंचातले ताण्याचे उभे धागे, पिक म्हणजे इंचातले बाण्याचे आडवे धागे. हे दोन आकडे समान असणे नेहमीच्या कापडात गरजेचे नसते, पण फुलीच्या कामात सगळी भिस्त त्यावरच आहे. जर्मनीतील झिंडेलफिंगेनच्या, १८७७ पासून चालत आलेल्या त्स्वाइगार्ट कंपनीच्या आयडा कापडात, ज्यात धाग्यांचे चौकोनी पुंजके करून त्यांच्या कोपऱ्यांवर सुईसाठी छिद्रे सोडलेली असतात, ही समानता विणतानाच राखली जाते. आयडाची नेहमीची प्रत दर सेंटिमीटरला सुमारे ५.५ चौकोनांची, म्हणजे इंचाला १४ ची असते. सेंटिमीटरला ११ धागे असलेल्या तागाच्या कापडावर दोन-दोन धाग्यांवर फुली घातली तरी माप तेच येते. १५० रुंद आणि २१० उंच फुल्यांचा नमुना अशा कापडावर २७.३ बाय ३८.२ सेंटिमीटर होतो, आणि चौकटीत बसवण्यासाठी चारी बाजूंना आठ-आठ सेंटिमीटर सोडल्यास कापड सुमारे ४३ बाय ५४ लागते. बाजारातल्या साध्या दोसुतीत आडवे ५.५ आणि उभे ५ चौकोन बसत असतील तर तोच नमुना ४२ सेंटिमीटर उंच होतो आणि त्यातले एखादे गोल घड्याळ अंडाकृती दिसू लागते. म्हणून कापड घेण्याआधी त्यावर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखून दोन्ही दिशांचे चौकोन मोजावेत. दुकानदाराला हा चोखंदळपणा वाटला तरी हरकत नाही.

दोऱ्याच्या बाबतीत तडजोड सोपी आहे, पण ती तडजोडच. डी.एम.सी.चा सहापदरी सुती दोरा आठ मीटरच्या लडीत येतो, त्याच्या एकरंगी छटा ५०० आहेत, आणि आयडाच्या नेहमीच्या प्रतीवर त्यातले दोन पदर वापरतात. भारतात सर्वत्र सहज मिळणारा अँकरचा दोरा तेवढ्याच पदरांचा असला तरी त्याची क्रमांकमालिका निराळी आहे. डी.एम.सी.चा काळा ३१० म्हणजे अँकरचा ४०३ हे निःसंशय. परंतु फिकट करडे, मातकट आणि त्वचेच्या रंगाचे क्रमांक जुळवणारे तक्ते केवळ जवळची छटा सांगतात, आणि सावलीच्या चार पायऱ्यांपैकी एक चुकली तरी चेहरा सपाट होतो. यावर उपाय असा की एका रंगकुळातल्या सर्व पायऱ्या एकाच कंपनीच्या घ्याव्यात. लाल आणि गडद निळ्या दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग उतरतो का ते आधी पाहावे. पावसाळ्यात अर्धवट काम रिंगमध्ये अडकवून ठेवू नये, कारण दमट हवेत लोखंडी रिंगचा आणि सुईचा गंज कापडात उतरतो व तो निघत नाही.

परभाषेची भीती मात्र अनाठायी आहे. फ्रेंच नमुन्यातील ‘ग्रिय’ म्हणजे चौकटीचा आलेख, ‘ब्रँ’ म्हणजे पदर, आणि ‘प्वँ आरिएर’ किंवा जर्मन ‘र्‍यूकश्टिख’ म्हणजे आकृतीच्या कडेने घालायची उलटी टीप, एवढे कळले की पुढचे काम चिन्हे करतात. दर दहा चौकोनांनंतरची जाड रेघ हाच खरा मार्गदर्शक असतो. त्या रेघा कापडावर सैल धावदोऱ्याने उतरवून घेतल्या, तर हजारो फुल्यांतली एक चूक दहा चौकोनांच्या आत सापडते.

अडतो तो प्रकार अक्षरांचा. फ्रेंच वर्णमालेच्या पट्ट्या, ज्यांचा उगम चादरी-रुमालांवर लाल दोऱ्याने घरची खूण भरण्यात आहे, त्या मराठी नावासाठी जशाच्या तशा चालत नाहीत. सात फुल्यांच्या उंचीत बसणाऱ्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरी लिहिताना शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि रफार यांसाठी किमान तीन ओळी, खाली उकार आणि ऋकारासाठी आणखी तीन ओळी धराव्या लागतात, म्हणजे एकूण उंची १३ फुल्यांची होते. अक्षराचा गोल भाग फुल्यांनी दातेरी दिसतो, तेव्हा देह फुल्यांचा आणि वळण उलट्या टिपेचे, अशी वाटणी करावी. चौकटीची वही घेऊन नाव आधी पेन्सिलीने बसवणे अपरिहार्य आहे, आणि तेथे गिऱ्हाईक स्वतःच काही प्रमाणात नमुनाकार बनते.

असा बदल घरापुरता कोणी अडवत नाही, परंतु नमुन्याच्या प्रती काढून वाटणे ही वेगळी बाब आहे. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये कलाकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि बर्न करारामुळे युरोपीय कर्त्यांनाही त्याचे संरक्षण मिळते. त्या हिशेबाने तेरेझ द दिलमाँ यांची पाने आज कोणीही छापू शकतो, बेंग्टसन यांची फुले मात्र भारतात २०५५ संपेपर्यंत आणि युरोपात त्याहून दहा वर्षे अधिक संरक्षित आहेत. भरून पूर्ण झालेली वस्तू विकण्याची मुभा नमुनाकारागणिक बदलते, काही जण ठराविक संख्येपर्यंत ती देतात आणि काही मुळीच देत नाहीत. रुखवताच्या मागण्या घेणाऱ्या मराठी गृहउद्योगांनी नमुन्याच्या पहिल्या पानावरची बारीक अक्षरे दोरा निवडण्याआधी वाचावीत.