विद्युतरोधकांचा संग्रह
खांबावरील तारा ज्यांवर बसवल्या जातात, ते काचेचे किंवा चिनी मातीचे जुने विद्युतरोधक (इन्सुलेटर) जमवण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेत रुजला. सुरुवातीचे रोधक लाकडी खुंटीवर नुसतेच बसवत व ते सहज निसटत. लुई कोव्हे यांनी १८६५ मध्ये आतून आटे असलेल्या रोधकाचे पेटंट घेतले. त्याआधीचे बिनआट्यांचे नमुने आज मौल्यवान ठरतात. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांसाठी पुढे चिनी मातीचे रोधक रूढ झाले. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेड लॉक हे त्यांचे आद्य निर्माते मानले जातात.

केवळ जुनेपणाने किंमत वाढत नाही. ‘हेमिंग्रे-४२’ हा काचेचा रोधक जुना असूनही विपुल, म्हणून स्वस्त आहे. आकार, अक्षरे आणि विशेषतः रंग महत्त्वाचे असतात. मँगनीजयुक्त काच उन्हात वर्षानुवर्षे राहून फिकट जांभळी होते. काही विक्रेते किरणोत्सर्गाने तीच काच गडद जांभळी करतात. अशा नमुन्याचा मूळ रंग, म्हणजेच त्याचा पुरावा, नाहीसा होतो. जाणकार संग्राहक तो नाकारतात.

वापरातील वाहिनीवरून रोधक काढणे ही चोरी तर आहेच, शिवाय ते जिवावर बेतणारे आहे. मोडीत काढलेल्या वाहिन्यांचे रोधक मालकाच्या परवानगीने मिळवता येतात.