टब, द

एद्गार दगा (१८३४–१९१७) या फ्रेंच चित्रकाराचे पुठ्ठ्यावरील रंगशलाकाचित्र (१८८६, ६० × ८३ सेंमी.; ऑर्से संग्रहालय, पॅरिस). उथळ, वाटोळ्या टबात उकिडवी बसलेली स्त्री एका हाताने तोल सावरीत दुसऱ्याने मानेवर स्पंज फिरवीत आहे, एवढाच त्याचा विषय. दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठव्या व अखेरच्या प्रदर्शनात (१८८६) दगाने मांडलेल्या स्नानविषयक चित्रमालिकेपैकी हे एक होय. त्याला स्वतःला मात्र दृक्‌प्रत्ययवादी हे बिरुद रुचत नसे.

दृश्य बरेच वरून पाहिलेले आहे. उजवीकडील फळी चित्र उभे छेदते; तिच्यावरील सुरया व काठाबाहेर आलेली ब्रशाची मूठ यांमुळे अवकाश एकाच वेळी सपाट व खोल भासतो. जपानी मुद्राचित्रांचा हा संस्कार उघड आहे. शरीराची ठेवण प्राचीन शिल्पातील उकिडव्या व्हीनसची आठवण करून देते. पण ही देवता नव्हे, कोणी पाहत आहे याचे भानच तिला नाही. अर्थात हा एकांत रचलेला आहे : दगा आपल्या चित्रशाळेतच टब मांडून प्रतिमानांना बसवीत असे.

या चित्रमालिकेत वीस्मांस या लेखकाला स्त्रीदेहाविषयीचा तिरस्कार दिसला. हा आक्षेप प्रस्तुत चित्रास तरी लागू पडत नाही. पाठीवरून उतरणारा प्रकाश शलाकेच्या एकावर एक दिलेल्या रेघांनी ज्या आस्थेने टिपला आहे, तीत तिरस्काराचा लवलेश नाही. चेहरा जवळजवळ लपलेला असल्याने सारा भाव पाठीच्या वळणातच एकवटतो. ईझाक द कामाँदो याच्या संग्रहातून हे चित्र १९११ मध्ये मृत्युपत्रान्वये फ्रेंच शासनाकडे आले.