एक हातरुमाल आणि दोन प्रश्न

शेक्सपिअरचें ‘ऑथेल्लो’ हें शोकान्त नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं मराठींत आणिलें. पुढें १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवलांनीं त्याचेंच ‘झुंझारराव’ हें रूपांतर रंगभूमीस दिलें. मन वळविण्याच्या दोन रीती या कथेंत शेजारीं शेजारीं दिसतात.

आरंभीं डेस्डिमोनाचा पिता भरसभेंत आरोप करितो कीं, ऑथेल्लोनें जादूटोणा करून माझी कन्या वश केली. ऑथेल्लो रागावत नाहीं. तो आपली हकीकत सरळ सांगतो आणि विनवितो कीं, तिलाच येथें बोलावून विचारावें. ती येऊन बोलते. सभेची खात्री पटते.

इयागोची रीत उलट आहे. तो अर्धें बोलून थांबतो, ‘जाऊं द्या’ म्हणतो, मित्रत्वाचा आव आणितो. उरलेलें विष ऐकणाराचें मनच तयार करितें. शेवटीं एक हरवलेला हातरुमाल पुरावा ठरतो. ज्यानें स्वतःसाठीं पत्नीची साक्ष मागितली, तोच तिचें ऐकण्यापूर्वीं मनांत शिक्षा ठरवितो. ती त्याच्याच हातून मरते. एमिलिया सत्य सांगते, तें त्यानंतर.

मुलांनो, वर्गांत कोणाची लेखणी हरविली कीं कानांत कुजबुजणारा लगेच भेटतो. त्यास दोन प्रश्न विचारावे: हें तूं स्वतः पाहिलेंस काय? आणि, त्याच्यासमक्ष हेंच सांगशील काय? ऑथेल्लोनें पहिला विचारला. इयागो खोटें बोलून निसटला. दुसरा त्यानें विचारलाच नाहीं. भावंडांच्या तंट्यांत निवाडा करणाऱ्या पालकांनींही तो विसरूं नये.