पायाखालचे बटण आणि पेटीतला रिले

गिटारवादक वाजवता वाजवता पायाने एक बटण दाबतो आणि गिटारचा मऊ आवाज एकदम करकरीत होतो. बटण त्याच्या पायाशी असते. आवाज बदलणारे मंडल मात्र चार-पाच मीटर दूर, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये. मग गिटारचा विद्युतसंदेश तारेने बटणापर्यंत नेऊन परत आणावा का? घरी अँप्लिफायर बांधणाऱ्याला पहिल्यांदा हेच सुचते. पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण गुणगुणीची. व्हॉल्व्हच्या जाळीला जोडलेल्या मंडलाचा रोध फार मोठा असतो. अशा मंडलातील लांब, उघडी तार भोवतालच्या विजेच्या तारांमधील ५० हर्ट्झचे कंपन सहज पकडते. संदेशाबरोबर तेही वाढून ध्वनिक्षेपकातून ऐकू येते.

त्यावर उपाय म्हणून जाळीदार कवचाची तार वापरली, तर दुसरी अडचण उभी राहते. आतली तार आणि कवच मिळून एक धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, तयार होते. त्याची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरू. जाऊन-येऊन १० मीटर तारेची धारिता झाली १००० पिकोफॅरड. संदेश १ लाख ओहम रोधातून येत असेल, तर १ ÷ (२πRC) या सूत्राने उत्तर येते सुमारे १६०० हर्ट्झ. त्यावरचे स्वर उत्तरोत्तर क्षीण होत जातात आणि तारेच्या आवाजातली चमकच हरवते!

येथे रिले मदतीला येतो. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली होती. पुढे ती तारायंत्रात रुळली. रिले व्हॉल्व्हजवळच बसवायचा, म्हणजे संदेशाची तार काही सेंटिमीटरच राहते. लांबच्या तारेतून जातो तो फक्त रिलेच्या वेटोळ्याचा एकदिश प्रवाह. वेटोळे ५ व्होल्टचे व ७० ओहमचे असेल, तर तो सुमारे ७१ मिलिअँपिअर. त्या तारेत संगीत नसतेच, मग बिघडणार काय?

एक काळजी मात्र घ्यावी लागते. बटण सोडल्यावर वेटोळ्यातील प्रवाह एकदम थांबू पाहतो आणि स्वयंप्रवर्तनाने क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. बटणात ठिणगी पडते, ध्वनिक्षेपकात 'टक्' असा आवाज येऊ शकतो. म्हणून वेटोळ्याला समांतर एक डायोड उलटा जोडतात. प्रवाह त्यातून फिरून विरून जातो.

हे तुम्हांला स्वतः पाहता येईल. ६ व्होल्टचा रिले, दीड व्होल्टच्या चार सेलची बॅटरी आणि एक बटण एकसरीत जोडा. जुन्या टेस्टरमधला निऑन दिवा वेटोळ्याच्या दोन टोकांना लावा. या दिव्याला पेटण्यासाठी ७० व्होल्टच्या आसपास तरी दाब लागतो. तरी बटण सोडताच तो क्षणभर लुकलुकतो. आता डायोड जोडा. त्याच्या पट्ट्याचे टोक बॅटरीच्या धन बाजूला हवे. दिवा लुकलुकणे बंद होते.

प्रयोग एवढ्यावरच थांबवा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ३०० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असतो. प्लग काढल्यावरही तो धारित्रांत साठून राहू शकतो आणि प्राणघातक ठरू शकतो. जाणकार शिक्षक शेजारी असल्याशिवाय ती पेटी उघडू नका.