तपासणीची मुदत २१ दिवस

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बाळ जन्मलं की २४ ते ४८ तासांत त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतात. टाच आधी शेकून घेतात, म्हणजे रक्त सहज येतं. सुई टोचायची ती टाचेच्या कडेला. मधोमध टोचलं तर हाडाला इजा होऊ शकते. पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचे थेंब जाड टीपकागदी कार्डावर छापलेल्या वर्तुळांत पडू देतात आणि प्रत्येक थेंब कागदाच्या पाठीपर्यंत झिरपलाय ना, हे उलटून पाहतात. मग कार्ड आडवं ठेवून तीनचार तास वाळवायचं आणि राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. अशा कार्डावरून जन्मजात आजार शोधायची पद्धत १९६०च्या दशकापासूनची आहे. फेब्रुवारी २०२३पासून मिनेसोटात त्याच थेंबांवर आणखी एक तपासणी होते, सायटोमेगॅलोव्हायरसची, म्हणजे सीएमव्हीची. सरसकट प्रत्येक बाळाची ही तपासणी करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्यामागे २०२१चा ‘विव्हियन कायदा’ आहे. हा संसर्ग घेऊन जन्मलेल्या एका मुलीचं नाव त्याला दिलं आहे. आईवडिलांना नको असेल तर तपासणी नाकारता येते.

सीएमव्ही हा कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. मोठ्यांना तो होऊन गेलेला बहुतेक वेळा कळतही नाही. थोडा ताप, थोडा थकवा, की झालं. मात्र एकदा शिरला की शरीरात कायमचा राहतो. गरोदरपणात तो वारेतून गर्भापर्यंत पोचला तर घात करू शकतो, मग आईला तो पहिल्यांदा झालेला असो, जुनाच पुन्हा उफाळलेला असो किंवा याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराची नव्याने लागण झालेली असो. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्‌महिने असतो. म्हणून पहिलं मूल दोन वर्षांचं आणि दुसऱ्या खेपेचे दिवस, अशा आईला लागण होण्याची शक्यता जास्त. मुलाचं उष्टं न खाणं, त्याचा चमचा वेगळा ठेवणं, लंगोट बदलल्यावर आणि शेंबूड पुसल्यावर साबणाने हात धुणं, एवढ्याने धोका कमी होतो. हे गरोदरपणातच सांगायला हवं, आणि नेमकं तेच फारसं कुणी सांगत नाही.

अमेरिकेत साधारण २०० बाळांमागे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं. त्यांतल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये जन्मतः काहीच दिसत नाही. वजन ठीक, रडणं ठीक, कानांची तपासणीही पास. पण याच बाळांपैकी काहींचं ऐकणं पुढच्या महिन्यांत, वर्षांत कमी होत जातं. युटा राज्याने २०१३ मध्ये कायदा केला तो कानांच्या तपासणीत नापास झालेल्या बाळांपुरता. पाऊल मोलाचं होतं, पण जी बाळं तेव्हा पास होऊन नंतर ऐकणं गमावतात, ती त्यातून निसटतात.

निदानाला मुदत का, हे नीट समजून घ्यायला हवं. बाळाला प्रसूतीच्या वेळी किंवा आईच्या दुधातूनही सीएमव्ही मिळू शकतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला तो सहसा बाधत नाही. असा नंतर मिळालेला विषाणू लाळेत, लघवीत दिसू लागायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे २१ दिवसांच्या आत सापडला तर तो पोटातूनच आलेला. त्यानंतर सापडला तर कुठून आला, हे सांगता येत नाही. दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नाही म्हणून दवाखान्यात आणलं, तर तेव्हाच्या लघवीवरून काही सिद्ध होत नाही. जन्मावेळचं कार्ड जपून ठेवलेलं असेल तरच मागे जाऊन पाहता येतं. ठणठणीत दिसणाऱ्या बाळाची ही तपासणी तीन आठवड्यांच्या आत कोण करायला सांगणार? म्हणूनच मला कायद्याची सक्ती योग्य वाटते.

प्रयोगशाळेत त्या वाळलेल्या ठिपक्यातून काही मिलिमीटरची चकती कापतात, तिच्यातला डीएनए वेगळा करतात आणि पीसीआरने विषाणू शोधतात. अडचण अशी की रक्तात हा विषाणू लाळेपेक्षा, लघवीपेक्षा कमी असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कार्डावरून जेमतेम एक तृतीयांश बाळं सापडली होती. तंत्र सुधारलं, आणि २०२१च्या मिनेसोटातल्याच अभ्यासात हे प्रमाण चारांत तीनच्या जवळ गेलं. लाळेची तपासणी अधिक पकडते. पण तिला वेगळा नमुना लागतो आणि तोही दूध पाजल्यावर तासाभराने, कारण आईच्या दुधातला विषाणू लाळेत मिसळतो. कार्ड तर प्रत्येक बाळाचं तयारच असतं. कॅनडातल्या ऑन्टारिओने २०१९ मध्ये हाच मार्ग धरला होता. मलाही तो पटतो. फक्त ‘कार्डावर नाही, म्हणजे संसर्ग नाही’ असं आईवडिलांना कुणी सांगू नये.

कार्डावर विषाणू सापडला की बाळाच्या डॉक्टरांना फोन जातो. लघवीच्या तपासणीने खात्री करून घेतात. मग डोक्याची सोनोग्राफी, डोळे, रक्तपेशी, यकृत. कानांसाठी बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो, ते मोजतात. मेंदूवर किंवा अवयवांवर स्पष्ट परिणाम दिसला तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचं पातळ औषध दिवसातून दोनदा, सहा महिने. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं. काहीच दिसलं नाही तर सहसा औषध नाही, पण कान पुन्हा पुन्हा तपासायचे. ऐकणं कमी होतंय हे वेळीच कळलं तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बोलायला शिकायच्या वयातच मिळतं.

पहिल्या वर्षी मिनेसोटात साधारण ६० हजार बाळं तपासली गेली आणि हजारी सुमारे तिघांच्या कार्डावर विषाणू आढळला. अशा पाचांपैकी चार बाळांना पुढे काहीच त्रास होत नाही, तरी त्यांच्या आईवडिलांनाही वर्षानुवर्षं धाकधूक सोसावी लागते. हा आक्षेप खरा आहे. पण त्या पाचव्या बाळाला शोधायची दुसरी वाट आज नाही.

आपल्याकडे बहुतेक स्त्रियांना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो. म्हणून गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ तपासणीत आयजीजी पॉझिटिव्ह आला तर घाबरायचं कारण नाही. तो जुन्या संसर्गाची खूण असतो. बाळाला संसर्ग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. सगळ्या बाळांची सक्तीची तपासणीही इथे नाही. तेव्हा बाळ कानांच्या तपासणीत नापास झालं, डोकं लहान वाटलं किंवा कावीळ रेंगाळली, तर बालरोगतज्ज्ञांकडे लघवीच्या सीएमव्ही पीसीआरबद्दल स्वतःहून विचारावं. कानांची फेरतपासणी बऱ्याचदा महिन्या-दीड महिन्याने ठेवतात. लघवीचा नमुना मात्र तिची वाट न पाहता तीन आठवड्यांच्या आत द्यावा.