ग्रुप का फुटतो?

पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. त्यात जाऊन बसणारी गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. याच खेळात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं, ४५१.४ गुणांनी. त्याच्या आधी २०१० साली म्युनिचला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर पडून झाडण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली होती. दोघांच्या रायफलीत जे काडतूस होतं, तेच रायपूरच्या एनसीसी छात्राच्या हातात पडतं: पॉइंट टू टू लाँग रायफल. अमेरिकेत १८८७ साली जन्मलेलं हे काडतूस अजून टिकून आहे. मात्र ते झाडणाऱ्या रायफलीचा नेम बिघडला की काय बघायचं, हे फार थोड्यांना नीट शिकवलं जातं.

रायपूरला माना इथल्या पोलिसांच्या रेंजवर राज्याच्या स्पर्धा होतात. तिथे पोहोचणाऱ्या पोरांसाठी पुढची वाट ठरलेली असते. राज्य स्पर्धा, मग मावळंकर, मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. मूळचं रत्नागिरीकडचं घराणं, बहुतेक आयुष्य अहमदाबादेत गेलं. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. आज त्यांच्या नावाच्या स्पर्धेत एकेका गुणावर वर्ष वाया जातं किंवा सत्कारणी लागतं. अशा वेळी रायफल गोळ्या विखरून टाकू लागली, की रायपूरच्या हिंदीत एकच वाक्य ऐकू येतं, "ग्रुप खुल रहा है," म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका पसरतो आहे. आणि त्यावर कुणीतरी ताबडतोब निकाल देतो, "नळी गेली."

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे ठामपणे सांगायला हवं. शिशाची मऊ गोळी आवाजापेक्षाही कमी वेगाने नळीतून जाते. तिने नळी झिजायला हजारो नव्हे, कित्येक दशहजार गोळ्या लागतात. नळीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी तपासायच्या गोष्टी कितीतरी आहेत, आणि त्यातली पहिली गोष्ट रायफलीत नसतेच, ती काडतुसात असते.

मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. पॉइंट टू टूला ती नसते. त्याचं पितळी बूड बाहेर दुमडून कड केलेली असते आणि पेट घेणारं मिश्रण त्या पोकळ कडेत भरलेलं असतं. रायफलीची पिन कडेवर आदळते, कड चिमटली जाते, मिश्रण पेटतं. मिश्रण सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल, किंवा कडेची जाडी काडतुसागणिक बदलत असेल, तर प्रत्येक गोळी वेगळ्या वेगाने सुटते. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. या वेगात दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणजे नेमबाजाने काहीही न चुकता दहाचा नऊ होऊ शकतो.

म्हणूनच एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांच्या उत्तम काडतुसांवरही लॉट नंबर छापलेला असतो, आणि जाणकार तो नंबर बघूनच खरेदी करतात. एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा एक लॉट एखाद्या नळीतून कागदावर नखाएवढं छिद्र पाडतो आणि दुसरा त्याच नळीतून बशीएवढा पसरतो. शेजारच्या रायफलीत नेमकं उलटं घडू शकतं. कुठला लॉट कुठल्या नळीला मानवेल हे कागदावर मांडून सांगता येत नाही, झाडूनच बघावं लागतं. आपल्याकडे आयात, परवाने आणि खर्च यांच्या कचाट्यात मिळेल ते काडतूस घ्यावं लागतं. पाच वेगवेगळे लॉट समोर ठेवून निवडण्याची चैन जिल्ह्याच्या मुलाला परवडत नाही. रायफलीवर येणाऱ्या पुष्कळशा आळांचं मूळ मला इथेच दिसतं.

काडतूस बदलून पाहिलं तरी ग्रुप फुटतोच आहे, असं झालं की कागद वाचायला घ्यावा. त्यासाठी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडायची, म्हणजे माणसाचा श्वास आणि खांदा हिशोबातून बराचसा बाहेर पडतो. पाच गोळ्यांचा एकच ग्रुप बघून काही ठरवू नये. पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. दहा-दहाचे तीन-चार ग्रुप झाडले की खरं चित्र उमटतं. छिद्रांची रांग उभी पडली, तर वेगातला फरक किंवा पिनचा अशक्त मार. आडवी पडली, तर वारा, नाहीतर चाप ओढताना रायफल कलणं. ताशी चार किलोमीटरचा, गालाला जेमतेम जाणवणारा आडवा वाराही पन्नास मीटरवर गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकवतो, तेव्हा वाऱ्याला कमी लेखून चालत नाही. आणि एकाच कागदावर दोन वेगळे, पण आपापल्या जागी घट्ट असे पुंजके दिसले, तर काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागांवर आळीपाळीने बसतं आहे, असं समजावं.

सैल काय असेल? आधी साइट हलवून बघावी. मग रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू. इथे रायपूरची हवा स्वतः खेळात उतरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत तीच हवा ओली. अक्रोडाचा दस्ता उन्हाळ्यात आकसतो आणि पावसाळ्यात फुगतो. उन्हाळ्यात कसलेले स्क्रू पावसाळ्यात लाकडात रुततात, पावसाळ्यात कसलेले उन्हाळ्यात ढिले होतात. नळी दस्त्याला न टेकता मोकळी राहावी अशी जिथे रचना आहे, तिथे फुगलेलं लाकूड एका बाजूने तिला दाबू लागतं. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघावी. जिथे अडते तिथे दुखणं. स्क्रू अंदाजाने पिळू नयेत, टॉर्क पाना वापरावा आणि जो आकडा ग्रुपला मानवतो तो वहीत लिहून ठेवावा. इशापूर कारखान्याची डीलक्स रायफल एनसीसीत वापरात आहे. तिच्या बाबतीत तर स्क्रू तपासण्यापासूनच सुरुवात करावी, कारण तिला रोज नवे हात लागतात.

उष्णतेचा दुसरा फटका काडतुसालाच बसतो. या गोळीवर बाहेरून मेणचट वंगणाचा थर असतो. उन्हात उभ्या मोटारीत डबी राहिली की वंगण मऊ होऊन सरकतं, त्याला धूळ चिकटते आणि प्रत्येक गोळी नळीला वेगळ्या तऱ्हेने घासत जाते. डबी सावलीत, झाकून ठेवावी. डिसेंबरच्या सकाळी बसवलेली साइट मेच्या दुपारी पुन्हा बसवून घ्यावी.

आता पिन. झाडलेल्या दहा पुंगळ्या एका रांगेत उभ्या करून भिंगाखाली त्यांच्या कडेवरचा ठसा पाहावा. निरोगी रायफलीचे दहाही ठसे एकाच खोलीचे आणि एकाच आकाराचे दिसतात. काही खोल, काही उथळ, एखादा कडेवरून घसरलेला, असं असेल तर स्प्रिंग थकली आहे, पिनचं टोक झिजलं आहे किंवा बोल्टच्या आत तेल साचून चिकट झालं आहे. आपल्याकडे तेलाचा अतिरेक फार. काळजी म्हणून थेंबामागून थेंब सोडतात, ते धुळीत घट्ट होतं आणि पिनची धाव मंदावते. बोल्ट उघडून पुसून काढला तर पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची सवय मात्र वाईट: पुष्कळ रायफलींत पिन चेंबरच्या धारेवर आदळून तिला खळगा पाडते.

सफाईबद्दल दोन टोकाची मतं आहेत आणि दोन्हींतून नुकसान होतं. कधीच साफ न केलेल्या चेंबरच्या पुढच्या टोकाला जळक्या वंगणाचं आणि काजळीचं कडक कडं जमतं. ते गोळीला नळीत शिरण्याआधीच खरवडतं. रोज सळई घालणारा याच्या उलट बाजूने मार खातो. स्वच्छ कोरड्या नळीतून पहिल्या काही गोळ्या भरकटतात. वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत नळी ठिकाणावर येत नाही. सफाईनंतरच्या या गोळ्या मोजायच्या नसतात, हे नवख्याला कुणी सांगतच नाही. सळई नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने घालावी. पुढून घातली तर ती तोंडाशी घासते, आणि नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, ती जागा सगळ्यात नाजूक. गोळी तिथूनच बंधनातून सुटते. धारेला एका बाजूला खरचटलं असेल तर मागचा वायू आधी त्या फटीतून निसटतो आणि गोळीला कलंडवतो. कापसाची काडी तोंडाच्या धारेवरून गोल फिरवावी. जिथे धागा अडकतो, तिथे खोच आहे. दहा-वीस गोळ्यांनंतर तोंडाभोवती वंगणाचा जो चांदणीसारखा ठसा उमटतो, तो सगळीकडे सारखा हवा. एक पाकळी लांब, एक आखूड असेल तर परवानाधारक कारागिराकडे किंवा आर्मोररकडे जावं. क्राउन नव्याने कापून घेणं हे लेथवरचं, मोजूनमापून करायचं काम आहे. घरी कानस लावणं म्हणजे रायफल संपवणं.

हे सगळं होऊनही ग्रुप फुटलेलाच राहिला, तर नळीकडे बोट दाखवावं. या सगळ्यात एक नियम मोडायचा नाही: एका वेळी एकच बदल. काडतूस, स्क्रू आणि सफाई एकाच दुपारी केली आणि ग्रुप आवळला, तर कशाने आवळला ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

एली आणि लापुआ यांच्या चाचणी केंद्रांत रायफल पोलादी शिकंज्यात पकडून एकेक लॉट झाडून बघतात, माणसाचा हात त्यात येतच नाही. तिथवर रायफल नेणं म्हणजे परवान्यांच्या कागदांचा गठ्ठा. पण शिकंजा काही फार गुंतागुंतीचं यंत्र नाही. प्रत्येक राज्याच्या मुख्य रेंजवर एक तरी असायला हवा, त्याच्या शेजारी टॉर्क पाना, नळीत डोकावणारा बोरस्कोप आणि ते वापरता येणारा आर्मोरर. महागड्या जर्मन अनशुट्झ रायफलवाल्यापेक्षा या सगळ्याची गरज डीलक्स खांद्याला लावून पहिल्यांदा आडवं पडणाऱ्या छात्राला जास्त आहे, कारण रायफल बदलून बघण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो.