दमाची शर्यत की नित्य नवी कसरत?

हैदराबादेतील नारायणगुडा ही शाळांची आणि शिकवण्यांची वस्ती. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या नावाची शाळा येथे आहे, आणि वाय.एम.सी.ए.ही येथेच आहे. याच संस्थेच्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील विद्यालयात १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात दाराआड तीच ती कवायत करून विद्यार्थी कंटाळले होते, हे त्या शोधाचे कारण. व्यायाम हितकर आहे हे ठाऊक असूनही तो टिकत नाही, तो बहुधा या कंटाळ्यामुळेच. गेल्या काही वर्षांत शहरोशहरी ज्या दोन व्यायामप्रकारांची चर्चा चालते, ते दोन्ही या कंटाळ्यावरचे उपाय होत. एक हायरॉक्स आणि दुसरा क्रॉसफिट. सकाळचा एकच तास हाती असलेल्या, चाळिशी गाठलेल्या नोकरदाराने यांपैकी कोणता धरावा, हा प्रश्न वाटतो तितका हौसेचा नाही. निवड चुकली तर तिची किंमत गुडघ्याला, खांद्याला आणि प्रसंगी मूत्रपिंडालाही मोजावी लागते.

हायरॉक्स ही शर्यत आहे. जर्मनीतील हांबुर्ग येथे २०१८ साली ती प्रथम झाली, आणि मे २०२५ मध्ये मुंबईत भरली तेव्हा भारताला तिचे दर्शन घडले. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो : एक किलोमीटर धावावे, एक कष्टाचे काम उरकावे, पुन्हा धावावे, असे आठ वेळा. कामे ठरलेली आणि त्यांचा क्रमही ठरलेला. प्रथम बर्फावरील काठ्यांची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या दोऱ्या १००० मीटर ओढावयाच्या. मग वजन लादलेली बिनचाकी घसरगाडी ५० मीटर ढकलावयाची आणि पुढे तितकीच ओढावयाची. त्यानंतर जमिनीला छाती टेकून उठत, पुढे उड्या घेत ८० मीटर जावयाचे. वल्ह्याच्या यंत्रावर १००० मीटर, दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर, खांद्यावर वाळूची पिशवी ठेवून गुडघा टेकीत १०० मीटर. आणि अखेरीस जड चेंडू उंचावरील खुणेवर १०० वेळा फेकावयाचा. अव्वल स्पर्धक हे सारे तासाच्या आत संपवितात. सामान्य माणसाने दीड तास धरून चालावे. गाव कोणतेही असो, शर्यतीचा आराखडा बदलत नाही.

क्रॉसफिटची रीत याच्या उलट. ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी २००० साली कॅलिफोर्नियात या नावाने ती सुरू केली. उद्या काय करावयाचे हे शिकणाऱ्याला ठाऊक नसते. सकाळी फळ्यावर लिहिलेले दिसेल ते त्या दिवसाचे काम. एखाद्या दिवशी दांडीला लटकून पाच वेळा हनुवटी वर न्यावी, दहा जोर मारावेत, पंधरा बैठका काढाव्यात, आणि वीस मिनिटांत अशी किती आवर्तने होतात ते मोजावे. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिकच्या धर्तीवर लोखंडी दांडा जमिनीवरून थेट डोक्यावर न्यावा. तिसऱ्या दिवशी दोर चढावा, अथवा हातांवर चालावे. कामे नवनवी, वेग मात्र नेहमीच तीव्र.

शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर हायरॉक्स म्हणजे आधीच जाहीर झालेली प्रश्नपत्रिका, आणि क्रॉसफिट म्हणजे न वाचलेल्या उताऱ्यावरील प्रश्न. पहिलीत प्रश्न कोणते हे माहीत असते, म्हणून सारी परीक्षा तयारीच्या खोलीची. दुसरीत व्याप्तीची. महाराष्ट्रातील तालमीला हा भेद नवा नाही. ठरलेल्या संख्येने जोर-बैठका काढणे याला तेथे मेहनत म्हणतात, आणि मातीत प्रतिस्पर्धी कोणता डाव टाकील याची तर वस्तादालाही कल्पना नसते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले ते या दुहेरी शिक्षणावर. उलट बेळगावकडील फडेप्पा चौगुले हे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांचे सामर्थ्य एकाच दिशेचे, पण किती खोल! संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही धावणारा आणि मुष्टियोद्धा शेजारी शेजारी उभे आहेत. कोण श्रेष्ठ, हे त्याने सांगितलेले नाही.

शरीराच्या दृष्टीने मात्र फरक स्पष्ट आहे. पहिली दहा-एक सेकंदे स्नायू स्वतःजवळच्या तयार साठ्यावर चालतात. पुढील मिनिट-दोन मिनिटे त्यांची मुख्य भिस्त प्राणवायूवाचून साखर फोडण्यावर असते. त्यापलीकडचा भार प्रामुख्याने हृदय आणि फुप्फुसे वाहतात. हायरॉक्स तासाहून अधिक चालते, म्हणून तेथे दमाचा निकाल लागतो. भुजबळ लागते, पण ते थकल्या पायांवर वापरता आले पाहिजे. क्रॉसफिटचे काम कधी तीन मिनिटांचे, कधी तीस मिनिटांचे. तेथे तिन्ही भांडारांना आळीपाळीने हात घालावा लागतो, आणि शिवाय कौशल्य लागते.

या कौशल्यातच धोका दडलेला आहे. गाडी ढकलणे दोन दिवसांत शिकता येते. दांडा डोक्यावर नेणे शिकावयास महिने लागतात. आणि घड्याळाशी झुंजत, श्वास फुललेला असताना ते करावे लागले की पाठ प्रथम वाकते. म्हणून क्रॉसफिट धरावे ते शिकणाऱ्याची पाठ पाहणारा शिक्षक असेल तेथेच. तीस जणांमागे एक शिक्षक आणि वर मोठ्याने संगीत, अशी व्यवस्था दिसली तर पैसे भरण्यापूर्वी परत फिरावे. नवख्याने पहिल्याच आठवड्यात शेकडो आवर्तने केली तर स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते; लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ते लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. निष्णातांचीही सुटका नसते : ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासमधील क्रॉसफिट स्पर्धेत धावण्यानंतर लगेच तलावात पोहताना लाझार ड्यूकिच हा सर्बियन खेळाडू बुडून मरण पावला.

हायरॉक्स याहून सोपे म्हणून निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही. आठ किलोमीटर धावण्याची सवय नसलेला तगडा मनुष्य तिच्यात उतरला तर पोटऱ्या आणि गुडघे आधी तक्रार करतात. तिचा दुसरा दोष सूक्ष्म आहे. तीच आठ कामे वर्षभर घोटली की त्या आठांत माणूस तरबेज होतो, पण दांडीला लटकून स्वतःचे वजन वर नेणे तिच्यात कोठेच नाही, आणि झोक सांभाळण्याची मोठी परीक्षाही नाही.

निवडताना लोक बहुधा एक गंमत करतात. जो आधीच उत्तम धावतो तो हायरॉक्सकडे वळतो, आणि ज्याचे दंड आधीच भरलेले आहेत तो क्रॉसफिटकडे. पदक हवे असेल तर हे योग्यच. आरोग्य हवे असेल तर उलट दिशेने जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. दोन्ही बाजू त्यात आल्या. म्हणून जी बाजू लंगडी तिच्याकडे आधी पाहणे शहाणपणाचे. ती ओळखण्यास यंत्र लागत नाही. नारायणगुड्याजवळच्या इंदिरा पार्कात न थांबता अर्धा तास संथ धावून पाहावे. मग पाठ सरळ ठेवून वीस बैठका काढाव्यात आणि एखाद्या मजबूत दांडीला अर्धे मिनिट लटकावे. धावताना दम तुटला तर हायरॉक्सची तयारी उपयोगी पडेल. धावणे झाले, पण बैठकांत टाच उचलली गेली किंवा हात सुटले, तर चांगल्या शिक्षकाकडे क्रॉसफिट शिकावे. दोन्ही जमले नाही, आणि चाळिशीत बहुतेकांना ते जमत नाही, तर पहिले तीन महिने दोहोंचाही मोह टाळून भरभर चालणे, जोर आणि बैठका यांवर काढावेत. मधुमेह, रक्तदाब अथवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असेल त्याने वैद्यकीय तपासणी आधी करावी.

हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा हे तीन महिने पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनच्या अखेरीस सुरू केलेले बरे. नोव्हेंबरच्या गारव्यात मग वेग वाढविता येतो.